मधले दोन पाय

चकाकणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तिचा राग होता. घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, बुटाच्या टाचेवरची रुपेरी पट्टी, कानातला खडा, घामेजलेलं कपाळ. समोर आलेल्या माणसाचा चेहरा ती नंतर बघायची, आधी त्याच्या अंगावर काय काय चमकतंय ते बघायची. ऑफिसात तिला सगळे 'गाळणी' म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं आणि तिनंही त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं होतं. दिवसभर गाळायचंच काम, तर नाव दुसरं काय पडणार.

व्हिडिओ गेममधली पात्रं चालतात, पळतात, उड्या मारतात, त्यांच्यामागे खरी माणसं असतात. अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे घालायचे, त्यावर सांध्यासांध्याला वाटाण्याएवढे चकाकणारे मणी चिकटवायचे आणि रिकाम्या हॉलमध्ये सांगितलेल्या हालचाली करायच्या. छताला लावलेल्या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त मणी दिसतात. संगणकाच्या पडद्यावर काळ्या पोकळीत नुसते ठिपके हलतात. त्या ठिपक्यांत प्रोग्राम त्या त्या माणसाचा सांगाडा बसवतो आणि मग त्या सांगाड्यावर राजपुत्र चढवा नाहीतर राक्षस, तो तसाच चालतो.

अडचण एवढीच, की कॅमेऱ्यांना अक्कल नसते. बक्कल चमकलं तरी त्यांना तो मणीच वाटतो. असे फसवे ठिपके शोधून एकेक काढून टाकायचे, थरथरणारे ठिपके स्थिर करायचे, हे गाळणीचं काम. हॉलच्या वरच्या अंगाला, लोखंडी जिना चढून गेलं की तिची काचेची खोली. खाली कुणी घड्याळ काढायला विसरलं की वर तिचे दोन तास वाया जायचे. त्यामुळे ती सदा वैतागलेली असायची. वैतागलेली नसली की लोक विचारायचे, बरं नाही का.

त्यात तिनं स्वतःच्या धाकट्या भावाला इथं चिकटवलं होतं. धाकटा म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. कुठल्याच नोकरीत त्याचं बूड स्थिरावलं नव्हतं. पण हे काम त्याला मनापासून आवडलं होतं. घोडा हो म्हटलं की तो घोडा व्हायचा. हा गेम नीट पार पडला तर त्याला कायम करू, असा शब्द तिनं वरून मिळवला होता आणि त्यासाठी आपली सगळी पत खर्ची घातली होती. तो तिच्याकडेच राहायचा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. शाळेत असताना भिंतीवरून पडल्यापासून त्याची डावी टाच किंचित घासत यायची. बघणाऱ्याला कळायचं नाही. पण जिन्यावर ती घासण्याचा आवाज आला की गाळणी दार न उघडताच कुकर लावायची. पडद्यावरसुद्धा दहा माणसांच्या ठिपक्यांत त्याची टाच ती क्षणात ओळखायची आणि मुकाट्यानं सुधारायची.

तो तिला 'आजी' म्हणायचा. ती जन्मतःच म्हातारी आहे, असं त्याचं लहानपणापासूनचं मत होतं.

"हात पसरून सरळ उभा राहा," ती रोज सकाळी माइकवरून ओरडायची. दिवसाची सुरुवात तशीच व्हायची. प्रत्येकानं हात पसरून क्षणभर निश्चल उभं राहायचं, म्हणजे प्रोग्राम त्याचा सांगाडा ओळखतो. "नाक खाजवू नकोस. हजारदा सांगितलंय."

"आजी, हात पसरले की नाक खाजतंच. माझा काय दोष?" आणि हात नाकाशी गेलेलाच असायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

गेम जुन्या चिनी कथांमधल्या राक्षसांचा होता. एकेक प्राणी असा, की ऐकूनच गाळणीनं कपाळाला हात लावावा. एक ताओत्ये, म्हणजे नुसतं तोंड. खा खा सुटून त्यानं स्वतःचं धडही खाल्लेलं. एक बीफांग नावाचा पक्षी, तो जिथं उतरेल तिथं आग लागते. त्याला एकच पाय असल्यामुळे तो गाळणीला मनापासून आवडला होता. नऊ शेपट्यांच्या कोल्ह्यानं मात्र तिचा एक अख्खा महिना खाल्ला. आणि आता शेवटचा राहिला होता हुंदुन.

हुंदुन म्हणजे फुगलेल्या पोत्यासारखं पिवळंतांबडं अंग, चार पंख आणि सहा पाय. चेहरा नाही. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. तरी म्हणे त्याला नाच कळतो आणि गाणं कळतं.

"सहा पाय म्हणजे तीन माणसं लागतील," गाळणी बैठकीत म्हणाली. "एकामागे एक."

दिग्दर्शकानं मान हलवली. त्याचं प्रत्येक वाक्य 'जरा'पासून सुरू व्हायचं, म्हणून पाठीमागे त्याला सगळे जरासाहेब म्हणत. "जरा विचार करा ना बाई. पुढे एक, मागे एक. दोघांच्या कमरेला दांडी बांधली की अंतर कायम राहील. मधले दोन पाय तुम्ही जरा हातानं करून टाका."

"हातानं जरा होत नसतं, सर. पावलापावलाला दिवस जातो."

"तुम्ही जरा कराच. तुम्हाला काय अवघड आहे?"

अशा रीतीनं मधले दोन पाय तिच्या गळ्यात पडले. पुढे पहिलवान ठरला. हा पूर्वी डोंबाऱ्यासारखे खेळ करून दाखवायचा, दणकट गडी, बोलणं कमी. मागे धाकटा. दोघांनी वाकून चालायचं, मधे लांब हलकी दांडी आणि दांडीवरून दोघांच्या डोक्यावर एक काळं जाळीदार कापड, पाठीचा उंचवटा कळावा म्हणून. आतून दोघांना फक्त जमीन दिसायची.

पहिल्याच दिवशी मधे फसवे ठिपके आले.

पहिलवान आणि धाकटा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन ठिपके लुकलुकून गेले. गाळणी तणतणत खाली उतरली. दांडीचा स्क्रू चमकतोय म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावली. फरशी पुसणाऱ्या बाईला बोलावून, फरशीला कसली पॉलिश मारता, असं विचारलं. पहिलवानाचे खिसे तपासले, धाकट्याचे बूट उलटे करून पाहिले.

"आजी, आता माझे दात पण झाक," धाकटा म्हणाला.

"तोंड मिटून ठेवलंस तरी पुरे."

दुसऱ्या दिवशी मधे चार ठिपके होते. ते आता लुकलुकत नव्हते. खालचे दोन घोट्यांच्या उंचीवर होते, वरचे दोन गुडघ्यांच्या. पहिलवानाचं पाऊल पडलं की अर्ध्या क्षणानं खालचा उजवा ठिपका पुढे यायचा, मग धाकट्याचं पाऊल. प्रतिबिंब म्हणावं तर ते कुणाच्या तरी ठिपक्याची नक्कल करायला हवं. हे कुणाचीच नक्कल करत नव्हते. गाळणीनं खुर्ची पुढे ओढून ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मग खांदे उडवून सगळे पुसले. कॅमेरे जुने झालेत, नवे घ्या म्हणून ती कधीपासून सांगत होती, पण तिचं ऐकतो कोण.

त्याच्या पुढच्या दिवशी ते कमरेपर्यंत आले.

नेमका तेव्हाच जरासाहेब खोलीत आला. तो तिच्या मागे उभा राहून पडदा बघत राहिला. पडद्यावर तीन माणसांचे ठिपके एका रांगेत चालत होते, मधल्याला अजून छाती नि डोकं नव्हतं एवढंच. पुढचे ठिपके थरथरत होते, मागचे थरथरत होते, माणसांचे थरथरतातच. मधले मात्र तेलात सोडल्यासारखे सरकत होते.

"बाई, अप्रतिम," जरासाहेब म्हणाला. "तुम्ही उगाच कुरकुर करता. किती लवकर केलंत मधलं."

"मी केलेलं नाही. हे कचऱ्यातून आलंय. पुसणार आहे."

"जरा थांबा. पुसायचं कशाला? इतकं छान चाललंय."

"सर, तिथं कुणी नाही."

"मग काय बिघडलं? आपल्याला माणूस कुठं दाखवायचाय? पाय हवेत, पाय मिळाले." त्यानं घड्याळात पाहिलं आणि तिनं सवयीनं त्या घड्याळाकडे रागानं पाहिलं. "शुक्रवारी पैसे लावणारी मंडळी येतायत. हुंदुन चालला नाही तर तो गेममधून जाईल. मग मागच्या पायांना कामावर ठेवून तरी काय करायचं? जरा समजून घ्या."

मागचे पाय म्हणजे धाकटा. गाळणीनं ते ठिपके तसेच ठेवले.

संध्याकाळी घरी ती भाजी चिरत होती आणि धाकटा ओट्याला टेकून उभा होता. तो काहीतरी गुणगुणत होता. सूर तीनचारच, पण पुढे कुठं जातील याचा अंदाज येत नव्हता.

"काय लावलंयस हे? दुपारपासून ऐकतेय."

"मधला गुणगुणतो. डोक्यात बसलंय."

तिचा हात थांबला. "कोण मधला?"

"दांडीवरचा. त्याला तालाचं काय अंग आहे, आजी. पहिलवान चुकला तरी तो सांभाळून घेतो." तो सहज बोलत होता. "नवा घेतलाय ना? मला वाटलं, तूच भांडून घ्यायला लावलास."

"तिथं तुम्ही दोघंच असता."

धाकटा हसला, मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "कापडाखालून मला नुसती फरशी दिसते. समोर पावलं असतात. मला वाटायचं, तो आधीच येऊन उभा राहत असेल." मग म्हणाला, "तो तोंड मिटून गुणगुणतो. तोंडच नसल्यासारखं."

"अनवाणी असतो का?" असं आपण का विचारलं हे तिला कळलं नाही.

"आठवत नाही. पावलं असतात एवढं आठवतं." त्यानं तिच्यासमोरचा गाजराचा तुकडा उचलला. "ओरडू नकोस आता. काम चाललंय ना चांगलं? मला हे हातचं जाऊ द्यायचं नाहीये."

ते जाणं तर तिलाही नको होतं. ती पुन्हा भाजी चिरू लागली. दोन बोटांना चुकून सुरी लागली, तेव्हा तिनं सुरीला शिव्या दिल्या.

सकाळी आल्या आल्या तिनं पहिलवानाला गाठलं. तो पायांना पट्ट्या गुंडाळत होता.

"मधे कुणी असतं का हो?"

त्यानं पट्टीचा आणखी एक वेढा दिला. "मला मागचं दिसत नाही, बाई."

"दांडीला ओढ लागत असेल."

"लागते."

"मग?"

"मला वाटतं, मागचा आहे." पट्टीची गाठ मारून तो उठला. "तेच वाटू द्या."

राक्षसांची माहिती तपासून देणाऱ्या एक अभ्यासक बाई होत्या. जुनं चिनी साहित्य त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं आणि त्या फक्त फोनवरच भेटायच्या. पंखाचा रंग चुकला तरी त्यांना खपायचा नाही, म्हणून जरासाहेब त्यांचा फोन टाळायचा आणि गाळणीला त्या फार पसंत होत्या. तिनं त्यांना फोन लावला आणि हुंदुनचं पुढे काय होतं, असं विचारलं.

"चांगला होता बिचारा," बाई म्हणाल्या. "दोन मित्र त्याच्याकडे जायचे. तो त्यांचं फार करायचा. त्यांना वाटलं, आपण याचे पांग फेडावेत. सगळ्यांना बघायला, ऐकायला, खायला, श्वास घ्यायला भोकं असतात, यालाच नाहीत. मग रोज एक असं करत त्यांनी त्याला भोकं पाडून दिली. सगळी पाडून झाली आणि तो मेला."

"मेला म्हणजे?"

"मेला एवढंच लिहिलंय. त्याला माणसासारखं केलं आणि मग हुंदुन उरला नाही. त्याच्या जागी काय उरलं, ते लिहिलेलं नाही. का हो, तुम्ही त्याला चेहरा देताय की काय? अजिबात देऊ नका."

"नाही हो. इथं पायांचीच मारामार आहे," गाळणी म्हणाली.

आणि पायांची खरोखरच मारामार होती. मधले ठिपके आता खांद्यांपर्यंत आले होते, पण प्रोग्राम त्यांना घेत नव्हता. प्रत्येक ठिपक्याला कुणाचा तरी सांगाडा लागतो आणि सांगाडा त्याचाच असतो, जो सकाळी हात पसरून उभा राहिला. मधल्याचा सांगाडाच नव्हता. त्यामुळे दर थोड्या वेळानं प्रोग्राम अडायचा, पडद्यावर तांबडी चौकट यायची आणि विचारायची, हे अनोळखी ठिपके कुणाचे? गाळणी 'नंतर' असं दाबायची. चौकट पुन्हा यायची. शुक्रवार उजाडला. मंडळी दुपारी यायची होती. जरासाहेब दर दहा मिनिटांनी दारातून डोकं आत घालून, जरा झालं का, असं विचारत होता. पाचव्यांदा त्यानं डोकं घातलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं धाकट्याचा सांगाडा उचलला, त्याची नक्कल केली आणि ती मधल्या ठिपक्यांवर टाकली.

हे कुणीही केलं असतं. घाईत सगळेच करतात. उसना सांगाडा टाकायचा, काम भागवायचं, नंतर काढायचा. उसना म्हणजे तो नीट बसत नाही, कुठं खांदा लांब होतो, कुठं गुडघा उलटा वळतो, तेवढं हातानं सावरायचं. ती सावरायच्या तयारीनं बसली होती.

सावरायला काही उरलंच नाही. सांगाडा हातमोज्यासारखा बसला. चौकट गेली. मधल्याला छाती आली, हात आले, मान आली आणि वर डोक्याचे ठिपके गोल उभे राहिले.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चेहरा नसलेला तो सहा पायांचा प्राणी पडद्यावर असा काही नाचला, की जरासाहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. हुंदुन गेममध्ये राहिला. धाकटा कायम झाला. गाळणीला हायसं वाटलं आणि तिनं ते बोलूनही दाखवलं, जे ती सहसा करत नसे.

सोमवारपासून धाकट्याचे ठिपके बिघडू लागले.

ते थरथरायचे, उडायचे, मधेच नाहीसे व्हायचे. तिनं मणी बदलले, कपडे बदलले, कॅमेरे पुसून घेतले. माइकवरून त्याला फैलावर घेतलं. तो खाली जमिनीकडे बघत म्हणाला, "मी नीटच करतोय, आजी." त्याचा आवाज तिला दोनदा विचारल्यावर ऐकू आला.

"बरं नाही का तुला?"

"दमलोय. सकाळी बाहेरचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडलंच नाही. मागून दुसरं कुणी आलं तेव्हा आत आलो." हे त्यानं गंमत म्हणून सांगितलं. तिला हसू आलं नाही.

दुपारी ती सकाळचं चित्रण लावून बसली. पाऊल, पाऊल, पाऊल. मधल्याची डावी टाच किंचित घासत होती.

तिनं मागे जाऊन पुन्हा पाहिलं. मग धाकट्याचे ठिपके पाहिले. जे काही उरले होते ते. त्याची टाच स्वच्छ उचलली जात होती.

घरी जाताना ती मुद्दाम मागे राहिली. तो जिना चढला. तिसऱ्या मजल्यापर्यंत कसलाही घासण्याचा आवाज आला नाही. आत गेल्यावर तिनं विचारलं, "पाय कसा आहे?" तो म्हणाला, "कुठला?"

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी तिनं मनाशी ठरवलं, गेला तो गेम खड्ड्यात. मधला सांगाडा काढून टाकायचा. जरासाहेब बोंबलला तर बोंबलू दे. नोकरी गेली तर आपली जाईल. धाकट्याला दुसरं काही मिळेल, नाहीतर बसेल घरी, भाजी चिरेल.

दुपारी खाली सराव चालू होता. दोघं दांडीला जुंपलेले, वर काळं कापड. तिनं सांगाड्यांची खिडकी उघडली. तिथं धाकट्याचे दोन सांगाडे होते, एक खरा आणि एक उसना. नक्कल करताना तिनं घाईत नाव बदललं नव्हतं. दोन्ही तंतोतंत सारखे.

कुठला कुणाचा हे बघायला ती पडद्याजवळ वाकली, तेवढ्यात चौकट आली. प्रोग्राम मदत करायच्या बेतात होता. एकाच माणसाचे दोन सांगाडे सापडले आहेत. जो अधिक नीट बसतो तो ठेवून दुसरा काढू का?

दारात जरासाहेब. "बाई, जरा..."

"एक मिनिट, सर," ती करवादली आणि तिनं हो दाबलं. ती नेहमीच हो दाबायची.

चौकट गेली.

मागचे ठिपके विझले.

तिनं झरकन काचेतून खाली पाहिलं. कापड उचललेलं होतं. पहिलवान दांडी सोडवत होता. धाकटा मागच्या जागी उभा होता, सरळ, धडधाकट, आणि टॉवेलनं मान पुसत होता. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं हात केला. त्यानं वर पाहिलं आणि हात केला.

"जरा लवकर सोडतो आज सगळ्यांना," जरासाहेब म्हणाला. "दमलेत." तो निघून गेला.

पहिलवान बाहेर पडला. जाताना त्यानं हॉलच्या मधोमध एकदा पाहिलं आणि झपाझप पावलं उचलली. धाकटा कपडे बदलायला गेला. हॉल रिकामा झाला. दिवे चालू होते, काळी फरशी, तिच्यावर उभं राहायच्या जागी लावलेली पांढरी चिकटपट्टी. दुपारचे चारसुद्धा वाजले नसतील.

ती यंत्रणा बंद करायला वळली. पडद्यावर ठिपके होते.

एका माणसाचे. ते फार मंद होते, विझत विझत पेटत होते, जुन्या ट्यूबलाइटसारखे. ते हॉलच्या मधून चालत पांढऱ्या पट्टीकडे निघाले होते. डावी टाच घासत होती.

तिनं काचेतून पाहिलं. पट्टीजवळ कुणी नव्हतं.

ठिपके पट्टीवर येऊन थांबले. दोन्ही हात हळूहळू बाजूला पसरले. आणि तसेच राहिले, एकदम निश्चल. हजारदा ओरडूनही धाकटा कधी इतका निश्चल उभा राहिला नव्हता.

चौकट आली. हे अनोळखी ठिपके कुणाचे? खाली दोन पर्याय होते, ओळख द्या किंवा काढून टाका. तिनं घाईघाईनं ओळख द्यायला सांगाड्यांची खिडकी उघडली. तिथं धाकट्याचा एकच सांगाडा होता आणि तो वापरात होता.

लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. सगळी पावलं सारखी. एकही घासलं नाही.

दार उघडलं. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत होतं, तेच तीनचार सूर. मग ते थांबलं.

"ताई," मागून धाकट्याचा आवाज आला, अगदी प्रेमळ, "निघायचं ना?"

ती वळली नाही. तिला ताई म्हणणारं जगात कुणी नव्हतं.

"अजून काय बघतेस?" तो जवळ आला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता आणि जराही थरथरत नव्हता. "फसवे असतील. काढून टाक की."

पडद्यावरचा उजवा हात हलला. तो सवयीनं वर उचलला गेला, नाकापाशी जायचा तसा गेला. तिथं क्षणभर थांबला. मग थोडा वर, थोडा खाली, मग गालाच्या जागी, असा तो चाचपत राहिला, आणि त्याला कुठंच काही सापडत नव्हतं.